सरकारी अनुदानाच्या भरवशावर टेक कंपनी उभी करावी का?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. कंपनी दोन वर्षांची, माणसं मोजकी. पाण्यातले जड धातू जागच्या जागी मोजणारा सेन्सर तुम्ही बनवलाय आणि प्रयोगशाळेत तो व्यवस्थित चालतो. वाहत्या सांडपाण्यात तो किती आठवडे टिकेल हे मात्र अजून कुणालाच माहीत नाही. गुंतवणूकदार म्हणतात, आधी पैसे देणारा ग्राहक दाखवा. एक सल्लागार म्हणतो, सरकारी अनुदान घ्या, कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही, म्हणजे पैसा फुकटच. सहसंस्थापकाचं म्हणणं, कागद रंगवण्यात वर्ष जाईल. बँकेत नऊ महिने पुरतील एवढे पैसे आहेत. आणि तुम्ही विचारताय, अनुदान घ्यावं की गुंतवणूकदाराच्याच मागे लागावं?

सल्लागार आणि सहसंस्थापक दोघंही अर्धं खरं बोलतायत. अनुदानात हिस्सा जात नाही हे बरोबर, पण त्याची किंमत दुसऱ्या खात्यावर पडते: वेळ, खेळतं भांडवल आणि मधेच दिशा बदलण्याची मोकळीक. म्हणून मी आधी हे विचारेन की तुमच्यापुढे जोखीम नेमकी कोणती आहे आणि ती कमी करायला कुणाचा पैसा चालतो. तुमच्याकडे दोन प्रश्न अनुत्तरित आहेत. एक तांत्रिक: सेन्सरवर गाळ आणि जंतूंचा थर बसला की रीडिंग भरकटतं का? दुसरा बाजाराचा: हे उपकरण विकत कोण घेणार आणि कितीला? पहिल्यासाठी सरकारी पैसा अगदी योग्य. दुसऱ्यासाठी जवळपास निरुपयोगी. अर्जात ही दोन्ही कोडी एकमेकांत मिसळली की अर्ज पडतो, आणि चुकून मंजूर झालाच तर कंपनी अडकते.

मी हे काम दोन्ही बाजूंनी केलंय. कंपन्यांबरोबर बसून प्रस्ताव तयार केले आहेत आणि मूल्यांकन समितीत बसून इतरांचे प्रस्ताव वाचलेही आहेत. तरी पुढचं सगळं वाचताना एक लक्षात असू द्या. कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे, योजना कोणत्या खात्याची आहे, पैसा आगाऊ मिळतो की खर्च झाल्यावर, आणि तुमच्याकडे स्वतःचे किती पैसे आहेत, यावर उत्तर पार उलटंही होऊ शकतं. तुम्ही देश लिहिलेला नाही, म्हणून मी वेगवेगळ्या ठिकाणची उदाहरणं घेतो.

सरकार हे पैसे का देतं, इथून सुरुवात करू, कारण ते कळलं की काय मागावं आणि काय मागू नये हे आपोआप कळतं. तंत्रज्ञान चालेल की नाही हेच माहीत नसतं त्या टप्प्यावर खासगी गुंतवणूकदार सहसा हात आखडता घेतो. संशोधनाचा फायदा इतरांनाही होतो, पण त्याचा पैसा गुंतवणूकदाराला मिळत नाही. ही पोकळी भरायची म्हणून सरकार उतरतं. अमेरिकेतला एसबीआयआर, म्हणजे छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी सरकारी पैसा देणारा कार्यक्रम, हा याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त अभ्यासला गेलेला नमुना. १९७७ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेत रोलंड टिबेट्स यांनी तो छोट्या प्रमाणावर सुरू केला आणि १९८२ मध्ये त्याचा कायदा झाला. ज्या केंद्रीय संस्थांचं बाहेर संशोधन करवून घेण्याचं बजेट १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांनी त्यातले ३.२ टक्के छोट्या कंपन्यांसाठी बाजूला ठेवायचे, असा नियम अलीकडच्या वर्षांत होता. पहिला टप्पा छोटा: कल्पना शक्य आहे का, एवढंच तपासा. दुसरा टप्पा मोठा: प्रत्यक्ष विकास करा. तिसऱ्या टप्प्याला या कार्यक्रमातून पैसाच नाही. तिथे बाजारातून किंवा सरकारी खरेदीतून पैसा आणायचा.

या रचनेवर अर्थशास्त्राच्या अभ्यासक सबरीना हॉवेल यांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी प्रत्येक नव्या फाउंडरला सांगतो. त्यांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे आलेले अर्ज घेतले आणि गुणानुक्रमात जेमतेम पास झालेल्या कंपन्यांची जेमतेम नापास झालेल्यांशी तुलना केली. पहिल्या टप्प्याचं, साधारण दीड लाख डॉलरचं, अनुदान मिळालेल्या कंपनीला पुढे व्हेंचर कॅपिटल (हिस्सा घेऊन जोखमीच्या नव्या कंपनीत घातलेलं खासगी भांडवल) मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली. दुसऱ्या टप्प्याच्या कितीतरी मोठ्या रकमेचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. यामागचं कारण आणखी बोलकं आहे. सरकारी शिक्का बसला म्हणून गुंतवणूकदार आले, असं त्यांना आढळलं नाही. त्या पैशातून कंपनीने प्रोटोटाइप करून दाखवला, एक शंका मिटवली, म्हणून ते आले. जॉश लर्नर यांच्या १९९९ च्या अभ्यासाचा निष्कर्षही याच्याशी जुळतो: असं अनुदान घेतलेल्या कंपन्या दहा वर्षांत जास्त वाढल्या, पण जिथे आधीपासून व्हेंचर कॅपिटल खेळतं आहे अशाच भागांत. आणि एकामागून एक अनुदानं घेतल्याने वाढ आणखी जोरात झाली, असं दिसलं नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. लहान अनुदान, एकच तांत्रिक शंका, आणि ती मिटली की लगेच पुढचा पैसा दुसरीकडून.

आता ‘सरकारी पैसा’ या एका नावाखाली निदान पाच-सहा वेगळ्या गोष्टी येतात, आणि तुमच्या सल्लागाराने त्यांतली बहुधा एकच सांगितलेली आहे. थेट अनुदान सगळ्यांना माहीत असतं. इस्रायलमध्ये बरीचशी ‘अनुदानं’ सशर्त असतात: माल विकला गेला तर विक्रीच्या ३ ते ५ टक्के रॉयल्टी देत फेडायचं, नाही विकला गेला तर फेडायचं नाही. कर्ज किंवा कर्जहमी हा वेगळा प्रकार आणि तो तुमच्या वयाच्या कंपनीसाठी नाही. टेस्लाने २०१० मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याचं ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं आणि २०१३ मध्ये मुदतीच्या कितीतरी आधी फेडलं, हे लोक कौतुकाने सांगतात. त्याच काळात सोलिंड्रा या सौर पॅनल बनवणाऱ्या कंपनीला ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी मिळाली आणि कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. दोघांकडेही कारखाना टाकण्याइतका पुढचा टप्पा होता. तुमच्याकडे टेबलावर ठेवलेला सेन्सर आहे.

मग फंडांचा प्रकार. इथे गैरसमज फार. इस्रायलचा १९९३ चा योझ्मा कार्यक्रम घ्या. सरकारने १० कोटी डॉलर काढले, पण त्यातला बराचसा पैसा स्टार्टअपना न देता दहा खासगी व्हेंचर फंडांत घातला, आणि फंडवाल्यांना सरकारचा हिस्सा पाच वर्षांत आधी ठरलेल्या दराने विकत घेण्याची मुभा दिली. भारतातला २०१६ चा १०,००० कोटी रुपयांचा ‘फंड ऑफ फंड्स’ही याच जातीचा. तो सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी बँकेमार्फत गुंतवणूक फंडांत जातो, तुमच्या खात्यात येत नाही. घोषणेतला आकडा बघून अर्ज कुठे करायचा असं विचारणारे फाउंडर मला अजूनही भेटतात. त्या पैशाकडे जायचं तर वाट गुंतवणूकदाराच्या दारातूनच जाते. याउलट २०२१ मध्ये सुरू झालेली स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थांमार्फत) थेट स्टार्टअपपर्यंत पोहोचण्यासाठी आखलेली: कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे, म्हणजे पुढे हिश्श्यात बदलता येणारं कर्ज. म्हणजे एकाच योजनेत पहिला पैसा फुकट आणि दुसरा नाही. अर्ज करताना आपण कोणत्या अर्ध्यात बसतो हे लोक वाचतच नाहीत.

करसवलतींकडे तर बहुतेक फाउंडर ढुंकूनही बघत नाहीत, कारण ‘आम्हाला नफाच नाही, मग कर कसला’. पण काही देशांत नफा नसला तरी रोख परतावा मिळतो. कॅनडात तिथल्या मालकीच्या छोट्या खासगी कंपनीला पात्र संशोधन खर्चावर ३५ टक्के परतावा मिळतो. ऑस्ट्रेलियात २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना साधारण ४३.५ टक्के. इथे स्पर्धा नाही, समिती नाही, नंबर लागायची वाट बघणं नाही. काम नियमात बसलं आणि नोंदी नीट असल्या की मिळतो. फक्त पैसा वर्ष संपल्यावर येतो आणि ‘तांत्रिक अनिश्चितता काय होती, ती सोडवायला काय करून बघितलं’ याची त्या-त्या वेळची नोंद मागतात. वर्षाअखेरीस आठवून लिहिलेली वही तपासनीस ओळखतो. तुमच्या देशात असं काही असेल तर आजपासूनच नोंदी सुरू करा, अनुदान मिळो न मिळो.

आणि शेवटचा प्रकार म्हणजे सरकार ग्राहक म्हणून. मला विचाराल तर तरुण कंपनीसाठी हा सगळ्यात मोलाचा सरकारी पैसा. नासाने २००६ मध्ये अवकाश स्थानकापर्यंत माल नेण्यासाठी स्पेसएक्स आणि रॉकेटप्लेन किसलर या दोन कंपन्या निवडल्या. ठरलेला टप्पा गाठला की ठरलेली रक्कम, आणि कंपनीने स्वतःही बाजारातून भांडवल उभं करायचं. रॉकेटप्लेन किसलरला ते भांडवल उभं करता आलं नाही. २००७ मध्ये नासाने करार संपवला आणि उरलेल्या पैशातून पुढच्या वर्षी ऑर्बिटल सायन्सेसला घेतलं. स्पेसएक्सला मात्र डिसेंबर २००८ मध्ये १२ फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलरचं खरेदी कंत्राट मिळालं. विकासासाठी मिळालेली रक्कम त्यापेक्षा बरीच कमी होती. तुमचा सेन्सर ज्यांच्या कामाचा आहे ते पाणीपुरवठा आणि सांडपाणी सांभाळणारे बहुतेक सरकारी किंवा निमसरकारीच असतात. त्यांच्याकडून अनुदान मागण्यापेक्षा पैसे घेऊन केलेली एक छोटी चाचणी मागा. रक्कम क्षुल्लक असली तरी चालेल, खरेदी आदेश हवा. तुमच्या गुंतवणूकदाराला ‘ग्राहक’ म्हणून हाच कागद चालतो.

आता नऊ महिन्यांकडे येतो, कारण खरा पेच तिथे आहे. अनुदान मंजूर होणं आणि पैसा हातात येणं यातलं अंतर बाहेरून कळत नाही. म्हणून एक हिशेब मांडून दाखवतो. समजा प्रकल्प १२ महिन्यांचा, एकूण खर्च १००, त्यातले ७० सरकार देणार आणि ३० तुमचे. ७० टक्के हे प्रमाण मी हवेतून घेतलेलं नाही. युरोपीय संघाच्या ईआयसी एक्सलरेटर या नवोदित कंपन्यांसाठीच्या योजनेत अनुदानाचा वाटा ७० टक्क्यांपर्यंत असतो, आणि ब्रिटनमध्ये इनोव्हेट यूके या सरकारी संस्थेच्या कित्येक योजनांत छोट्या कंपनीला संशोधनाच्या टप्प्यावर एवढंच कमाल प्रमाण मिळतं. इनोव्हेट यूकेची पद्धत तीन-तीन महिन्यांनी, झालेल्या खर्चावर पैसे देण्याची. दर महिन्याला खर्च सारखा, म्हणजे साधारण ८.३. तिसरा महिना संपला, तुम्ही दावा भरला, तपासणी झाली, पैसे पाचव्या महिन्याच्या शेवटी आले. आले किती? २५ च्या ७० टक्के, म्हणजे १७.५. तोवर तुम्ही ४१.७ खर्च केलेत. आठव्या महिन्याच्या शेवटी दुसरे १७.५ आले. अकराव्या महिन्यात तिसरा हप्ता यायच्या आदल्या दिवशी बघा: खर्च ९१.७, मिळाले ३५. तुमचे स्वतःचे ५६.७ अडकलेत.

म्हणजे ‘आपल्याला फक्त ३० घालायचेत’ असं म्हणत ज्यांनी सुरुवात केली, त्यांना प्रत्यक्षात ५७ ची सोय लागली. दावा एकदा त्रुटी काढून परत आला की हा आकडा आणखी चढतो. काही योजना शेवटचा हप्ता अंतिम अहवाल आणि ऑडिट होईपर्यंत रोखून ठेवतात, तो वेगळाच. मंजुरीपत्र हातात असलेली कंपनी पगार करू शकत नाही, हे दृश्य मी बघितलंय. कंपनी चांगली होती, अनुदानही पक्कं होतं, रोकड नव्हती.

त्यात अर्ज ते निर्णय हा काळ मिळवा. काही महिने तर सहज जातात आणि मंजुरीनंतर करारावर सह्या व्हायला आणखी. तुमचे नऊ महिने यातच बहुतेक संपतात. शिवाय बहुतेक योजना कराराच्या तारखेआधीचा खर्च धरत नाहीत. म्हणजे अर्ज करून घाईने काम सुरू केलंत तर ते काम तुमच्याच पैशाने झालं. थांबलात तर महिने गेले. यावर छान उत्तर नाही. मी एवढंच करतो की प्रकल्पात धरलेलं काम अर्जानंतर बाजूला ठेवतो आणि त्या काळात ग्राहकांच्या भेटी, चाचणीच्या जागा ठरवणं, परवानग्या अशी कामं उरकतो. ती तशीही अनुदानात बसत नाहीत.

काय बसत नाही हेही बघून घ्या. विक्री, जाहिरात, कर्जाचं व्याज जवळपास कुठेच नाही. पेटंटचा खर्च काही ठिकाणी हो, काही ठिकाणी नाही. फाउंडरचा पगार बऱ्याचदा फक्त प्रत्यक्ष दिलेला आणि टाइमशीटवर दाखवता येणारा. तुम्ही दोघं पगार न घेता काम करत असाल तर तो ‘खर्च’ कागदावर शून्य धरला जातो, घाम कितीही गाळा. युरोपात आणखी एक खाचखळगा आहे: साठलेला तोटा भाग भांडवलाच्या निम्म्याहून जास्त झाला तर कंपनी ‘अडचणीतली’ ठरते आणि बऱ्याच अनुदानांना अपात्र होते. तीन वर्षांपेक्षा तरुण छोट्या कंपन्यांना यातून सूट असते. तुमची कंपनी दोन वर्षांची आहे. तुम्ही त्या नियमांखाली येत असाल तर पुढच्या वर्षी हेच दार बंद झालेलं असू शकतं, आणि ते ताळेबंदावरून आजच कळेल. तुमच्या हिशेबनिसाला हा एकच प्रश्न विचारा.

हिशेबनिसावरून आणखी एक. अनुदान म्हणजे विक्री नव्हे. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस २० नुसारही ते ज्या खर्चासाठी मिळालं त्या खर्चाच्या जोडीने उत्पन्नात दाखवायचं असतं, आणि आगाऊ मिळालेली रक्कम काम होईपर्यंत देणं म्हणून बसते. गुंतवणूकदारापुढे अनुदान उलाढालीत मिसळून दाखवू नका. तो पहिल्याच बैठकीत ते वजा करतो आणि मग उरलेल्या आकड्यांकडेही संशयाने बघतो.

अटींचं थोडक्यात सांगतो, कारण त्या योजनेगणिक बदलतात. बौद्धिक संपदा बहुतेक वेळा तुमचीच राहते. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी छोट्या कंपनीला ठेवता येते, पण सरकारला स्वतःच्या वापराचा परवाना मिळतो आणि ठरावीक परिस्थितीत हस्तक्षेपाचा हक्कही राहतो. इस्रायलमध्ये अनुदानातून तयार झालेलं ज्ञान देशाबाहेर न्यायचं तर परवानगी आणि बरीच मोठी रक्कम भरावी लागते, कमाल मर्यादा अनुदानाच्या सहापट. कंपनी उद्या परदेशी खरेदीदाराला विकायची वेळ आली की हेच कलम त्याचा वकील सगळ्यात आधी काढतो. तुमच्या करारात ‘हस्तांतरण’, ‘परदेश’ आणि ‘नियंत्रण बदल’ हे शब्द शोधा आणि ती कलमं वकिलाकडून वाचून घ्या. बाकीचा करार तुम्ही स्वतः वाचलात तरी चालेल.

राजकारणाचा धोकाही धरा. एसबीआयआरची कायदेशीर मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली तेव्हा ती वेळेत वाढवून मिळाली नाही आणि नवी अनुदानं अडकून पडली. चाळीस वर्षांहून जुना कार्यक्रम, तरी ही गत. म्हणून कुठल्याही एका योजनेच्या तारखेवर पगाराचं वेळापत्रक बांधू नका.

आता सहसंस्थापकाची भीती: वर्ष कागदात जाईल. जाऊ शकतं. पण मला कागदांपेक्षा दुसरी भीती जास्त वाटते. पहिलं अनुदान संपत आलं की दुसऱ्याची जाहिरात दिसते, विषय आपल्या कामाच्या ‘जवळचा’ असतो, आणि पगार तर करायचेच असतात. पाण्याचा सेन्सर बनवणारी कंपनी मग हळूहळू मातीचा, हवेचा, अन्नाचा सेन्सर ‘विकसित’ करत राहते आणि विकत काहीच नाही. समितीत अशा कंपन्या अर्जाच्या दुसऱ्या पानावरच ओळखू येतात: आधीच्या प्रकल्पांची यादी भरगच्च, ग्राहकांची ओळ रिकामी. त्यांचं लिखाण इतकं सफाईदार असतं की नव्या माणसाला त्यांचा हेवा वाटावा. तुम्ही आधीच ठरवून टाका की जे काम तुम्ही अनुदान नसतं तरी केलं असतं, त्यासाठीच अर्ज करायचा. जाहिरातीतला विषय बघून तुमचा आराखडा वाकवायची वेळ आली तर ती योजना सोडून द्या.

तंत्रज्ञान कोणतं यावरही हे ठरतं. तुमचं काम हार्डवेअरचं आहे, प्रयोगाला वेळ लागतो, प्रश्न मोजता येण्यासारखा आहे. अशा कामाला अनुदान मानवतं. उद्या कुणी विचारलं की आम्ही दर आठवड्याला ग्राहक बघून अ‍ॅप बदलतो, अनुदान घेऊ का, तर मी नको म्हणेन. बारा महिन्यांचा आराखडा सही करून दिल्यावर दर बदलाला अधिकाऱ्याची परवानगी मागत बसण्यात त्यांचं नुकसान आहे.

लिखाणाबद्दल एकच गोष्ट दाखवतो. आमच्यापुढे एका बैठकीला गठ्ठाभर प्रस्ताव असतात आणि त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात अशी असते: ‘आमचं क्रांतिकारी, एआय-आधारित तंत्रज्ञान जलप्रदूषणाच्या जागतिक समस्येवर परवडणारा उपाय देईल.’ यातल्या एकाही शब्दाला गुण देता येत नाहीत. तुमचाच विषय मी असा लिहीन: ‘इलेक्ट्रोडवर जैविक थर साचल्याने शिशाचं रीडिंग काही दिवसांतच भरकटतं. दोन प्रकारचे लेप आणि एक स्वयंचलित धुलाई पद्धत आम्ही प्रत्यक्ष सांडपाण्यात ९० दिवस तपासू. प्रयोगशाळेतल्या संदर्भ मोजणीशी फरक १५ टक्क्यांच्या आत राहिला तर ती पद्धत स्वीकारू. तिन्ही अपयशी ठरल्या तर सेन्सर पाण्यात बुडवून ठेवण्याऐवजी ठरावीक वेळाने नमुना ओढून घेणाऱ्या रचनेकडे वळू.’ आकडे तुमचे टाका. पण शेवटचं वाक्य गाळू नका. अपयश आलं तर काय करणार हे ज्याने लिहिलंय त्याने खरंच विचार केलाय, असं वाचणारा धरून चालतो. घाबरून ते वाक्य काढून टाकणारेच जास्त.

हे वाक्य सल्लागार लिहू शकत नाही, तुम्हीच लिहू शकता. सल्लागार घ्यायचा तर बजेटचे तक्ते, पात्रतेची तपासणी आणि पोर्टलवरची उठाठेव यासाठी घ्या. मंजुरीवर टक्केवारी मागत असेल तर ती टक्केवारी अनुदानाच्या पैशातून देता येते का ते आधी बघा. बऱ्याच योजनांत येत नाही, म्हणजे ती तुमच्या त्या नऊ महिन्यांतून जाते. आणि सही तुमची असते. तक्त्यात फुगवलेला तास ऑडिटमध्ये सापडला तर वसुली तुमच्याकडून, त्याच्याकडून नाही.

तुमच्या जागी मी काय करेन? या आठवड्यात त्या गुंतवणूकदाराला ईमेल टाकेन: सांडपाण्यात ९० दिवस टिकलेला सेन्सर आणि एका संस्थेची पैसे देऊन केलेली चाचणी, एवढं दाखवलं तर तुम्ही पुढे बोलायला तयार आहात का? ‘हो’ आलं तर त्यातला पहिला अर्धा भाग म्हणजे माझ्या अनुदानाचं उद्दिष्ट, आणि दुसरा अर्धा माझ्या स्वतःच्या पायपिटीचं. ‘बघू’ आलं तर तो गुंतवणूकदार सोडून दुसऱ्याला हेच विचारेन. मग एकच, लहान, शक्यतो थोडी रक्कम आगाऊ देणारी व्यवहार्यता तपासणीची योजना निवडेन. मोठ्या योजना आज नकोत. ईआयसी एक्सलरेटरसारख्या ठिकाणी २५ लाख युरोपर्यंत अनुदान आहे, पण तिथे प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्षासारख्या वातावरणात सिद्ध झालेलं तंत्रज्ञान अपेक्षित असतं. तुम्ही अजून त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली आहात, अर्ज फुकट जाईल. अर्ज लिहायला एका माणसाचे काही आठवडे देईन, दोघांचे नाही. दुसरा माणूस तेवढ्या काळात सांडपाणी प्रकल्पांचे उंबरे झिजवेल.

आणि कॅलेंडरवर पाचव्या महिन्याच्या शेवटाला एक खूण करेन. तोवर मंजुरी किंवा खरेदी आदेश यांपैकी काहीच हातात नसेल तर त्या दिवशी खर्च निम्म्यावर आणायचा, हे आज दोघांनी मिळून लिहून ठेवायचं. त्या दिवशी ठरवायला बसलात तर ‘निकाल पुढच्या आठवड्यात येणार आहे’ हे कारण तयार असतं, आणि ते प्रत्येक आठवड्यात खरं वाटतं.

तुमचा देश, कंपनीचं भाग भांडवल आणि साठलेला तोटा, आणि वरच्या हिशेबातले ५७ जुळवायला तुमच्याकडे काय सोय आहे, या तीन गोष्टी कळवा. त्यावरून कोणती योजना तुमच्या उपयोगाची नाही हे तरी मी नक्की सांगू शकेन.